उभ्या गाडीत गार वारा

बंगलोरला जाऊन काय काय बघितलंस, असं बार्शीत परत आल्यापासून जो भेटेल तो विचारतोय. बागा बघितल्या का, राजवाडा बघितला का. मी रेडिएटर बघितला. पाच दिवसांत मी एका छोट्या पांढऱ्या मोटारीचं बॉनेट जितक्या वेळा उघडलं, तितक्या वेळा माणूस स्वतःच्या घराचं दार उघडत नसेल. सगळं एकदाच लिहून टाकतोय, म्हणजे प्रत्येकाला वेगळं सांगायला नको. आणि "तो मेकॅनिक कसा बोलत होता रे, करून दाखव" म्हणून चौकात कुणी अडवायलाही नको.

झालं असं की येलहंक्याहून मावशीचा फोन आला. येलहंका म्हणजे बंगलोरच्या उत्तरेचं जुनं गाव, आता शहरातच जमा. मावशी तिथे पंचवीस-सव्वीस वर्षं आहे. काका सरकारी कारखान्यात मोठे इंजिनियर. त्यांची मुलगी, म्हणजे आमची सुनीताताई, तिला दिवस भरायच्या दीड महिना आधीच मुलगी झाली होती. बाळ दवाखान्यात काचेच्या पेटीत. ताईचा नवरा कंप्युटरच्या कामाला अमेरिकेत, त्याला जानेवारीशिवाय सुट्टी नाही. आणि नेमके काका न्हाणीघरात घसरून उजवा हात प्लास्टरमध्ये घालून बसले होते.

"दिपू, तुला गाडी चालवता येते ना?" मावशीने विचारलं.

आमच्या आडत दुकानाची जीप मी चार वर्षं चालवतोय. तिला दारं नाहीत, हॉर्न वाजवायला वायरीला वायर लावावी लागते. तरी चालते. मी म्हटलं, येते की.

सोमवार, येलहंका

थंडी म्हणजे काय, ते बार्शीच्या माणसाला कळत नाही. आपल्याकडे डिसेंबरात पहाटे शेकोटी केली, नऊ वाजता ऊन आलं, स्वेटर कमरेला बांधला, संपली थंडी. इथे ऊनच नाही. मद्रासच्या बाजूला समुद्रात वादळ आलं की बंगलोरात आठवडाभर पिरपिर लागते म्हणे. पाऊस म्हणावा तर छत्री उघडायची लाज वाटते, आणि नाही उघडली तर दहा मिनिटांत बनियन ओला. दुपारी बारालाही सकाळचे सहा वाजल्यासारखं वाटतं.

काका दारातच उभे होते. कानटोपी, प्लास्टर, गळ्यात झोळी. ये म्हणायच्या आधी त्यांनी विचारलं, "रिव्हर्स घेता येते?"

चहा नंतर, आधी गाडी. काकांच्या आयुष्यात एक शब्द आहे, सिस्टिम. चप्पल काढायची सिस्टिम, पेपरची घडी घालायची सिस्टिम. गाडी चालू करायच्या आधी टायर बघायचे, ऑइलची काडी ओढून बघायची आणि रेडिएटरच्या शेजारी जी प्लास्टिकची पांढरी बाटली असते, तिच्यातलं पाणी बघायचं. काकांनी त्या बाटलीवर डाव्या हाताचं बोट ठेवलं.

"ही खूण बघ. फुल्ल. दोन वर्षं झाली, रोज बघतो. एक थेंब कमी झालेला नाही. याला मेंटेनन्स म्हणतात, दिपू."

मी मान हलवली. आमच्या जीपला पाणी रोज कळशीने लागतं, ते सांगितलं नाही.

मग उप्पीट. त्यात पावटे. डिसेंबरात या गावाला पावट्याचं वेड लागतं. उप्पिटात पावटे, आमटीत पावटे, भजी मागितली तर तीही पावट्याची, आणि सालं सोलायला अख्खं घर पाट्या घेऊन बसतं. पहिल्या दिवशी मला फार आवडले. चौथ्या दिवशी स्वप्नात आले.

खाणं झाल्यावर आम्ही तिघं ताईचा डबा घेऊन दवाखान्यात निघालो. थंडी म्हणून काकांनी हीटर लावला. मी गाडीतला हीटर जन्मात पहिल्यांदा बघत होतो. इंजिनातलं गरम पाणी डॅशबोर्डमागच्या एका छोट्या जाळीतून फिरवायचं आणि पंख्याने त्याची ऊब आत सोडायची, एवढीच ती करामत. गाडी पळत होती तोवर पायावर म्हशीच्या श्वासासारखी मस्त गरम हवा येत होती. मी खूश. पहिल्या सिग्नलला थांबलो आणि कुणीतरी फ्रीजचं दार उघडलं. हिरवा दिवा, गाडी निघाली, पुन्हा म्हैस. दुसरा सिग्नल, पुन्हा फ्रीज.

"काका, हे असंच आहे?"

"थोडं फ्लक्च्युएशन असतं," काका म्हणाले. इंजिनियर माणूस 'बिघडलंय' म्हणत नाही.

दवाखान्यात डॉक्टरीणबाई भेटल्या. बारीक, चष्म्याच्या, घाईत. हिंदी त्यांची आणि माझी, दोघांचीही उधारीची. त्यांनी सांगितलं की शुक्रवारी सोडायचा विचार आहे, बाळ दोन किलोचं झालंय. पण घरी पोचेपर्यंत त्याला गारवा लागता कामा नये.

"घर कुठे? येलहंका? लांब आहे. गाडीत हीटर आहे?"

"आहे!" काकांनी शाळेत हजेरी द्यावी तसं सांगितलं.

"आहे," मी म्हटलं, "पण पळत्या गाडीत. थांबलो की गार येतं."

काकांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मी त्यांचा पगार सांगितला.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "रस्त्यात किती सिग्नल, एक रेल्वे फाटक. तिथे गार हवा नाही चालणार. हीटर नीट करून आणा. नाहीतर आणखी आठ-दहा दिवस राहू दे इथेच. किंवा अँब्युलन्स घ्या."

"अँब्युलन्स?" मावशी मराठीतच उसळली. "पहिल्यांदा घरी येणारं पोर, आणि ते अँब्युलन्समधनं? शेजारपाजारचे काय समजतील?" गरम पाण्याच्या पिशव्या ठेवते म्हणाली, तर नर्सनेच हात जोडले. एवढ्याशा कातडीला भाजतं म्हणे.

ताई मला जिन्यापर्यंत सोडायला आली. सतरा दिवसांत निम्मी झाली होती. एरवी मी दिसलो की म्हणायची, कर ना रे आमच्या हेडमास्तरांची नक्कल. आज म्हणाली, "दिपू, ती पेटीत रडते आणि मला आवाज पण येत नाही. नुसतं तोंड हलताना दिसतं. अजून आठ दिवस मला नाही काढवणार. शुक्रवारपर्यंत ती गाडी नीट कर बाबा, काहीपण कर."

मी म्हटलं, त्यात काय, करतो की. चार दिवस हातात आहेत आणि बंगलोरात मेकॅनिक कमी आहेत का?

मंगळवार, सर्व्हिस सेंटर

काकांचा आग्रह, कंपनीचं सर्व्हिस सेंटर. तिथे काचेचं दार, सोफा, मासिकं. आमच्याकडे गॅरेजवाला ऑइलने काळा असतो, इथे त्याने टाय घातला होता. त्याने मला 'सर' म्हटलं. मी मागे वळून बघितलं, काका माझ्या मागे उभे होते, म्हटलं त्यांनाच म्हणत असेल.

"प्रॉब्लेम, सर?"

मी सांगितलं. त्याने वहीत लिहून घेतलं. नंतर मान वर करून अगदी काळजीने विचारलं, "सर, बंगलोरमध्ये हीटर वापरता?"

"वापरतो."

"कुणी वापरत नाही, सर."

गाडी दिवसभर ठेवून घेतली. मासिकातल्या सगळ्या बायका माझ्या ओळखीच्या झाल्या. संध्याकाळी तो आला, हसऱ्या चेहऱ्याने. "सर, हीटर परफेक्ट. मी स्वतः चार किलोमीटर चालवून बघितली. एकदम हॉट."

"आणि थांबल्यावर?"

तो गोंधळला. "थांबल्यावर हीटर कशाला, सर? थांबल्यावर तुम्ही उतरता."

आता याला काय बोलायचं? त्यांनी गाडी धुऊन पुसून दिली होती, पायाखाली कागद अंथरले होते आणि आत लिंबाच्या वासाचा फवारा मारला होता. परतीच्या वाटेवर प्रत्येक सिग्नलला आम्हाला गार वारा आला, लिंबाच्या वासाचा. काका म्हणाले, "स्वच्छता मात्र आहे हं त्यांच्याकडे."

घरी आल्यावर काकांनी डाव्या हाताने कागदावर आकृती काढली. बाण, गोल, पुन्हा बाण. निष्कर्ष असा की गाडी उभी असताना इंजिन हळू फिरतं, म्हणून पाणी हळू फिरतं. तर उपाय सोपा: सिग्नलला गिअर काढायचा आणि अ‍ॅक्सिलरेटर दाबून ठेवायचा.

तेवढ्यासाठी आम्ही पुन्हा बाहेर पडलो. दवाखान्याच्या वाटेवरच्या हेब्बाळच्या सिग्नलला मी पाय दाबला. घाँऽऽऽ! पुढचा स्कूटरवाला दचकून फुटपाथवर चढला. शेजारच्या बसमधलं एक पोर खिडकीतून टाळ्या वाजवायला लागलं. पण खरं सांगतो, पायावर हळूहळू गरम हवा यायला लागली. मी "आली, आली!" म्हणेपर्यंत ट्रॅफिक पोलीसही आला.

"रेस माडतीरा?" त्याने खिडकीत वाकून विचारलं. रेस लावताय का, एवढं कन्नड मलाही कळलं.

मी लगेच पाय काढला. तशी गार हवा. काकांनी त्याला कन्नडमध्ये पाण्याचं अभिसरण समजावून सांगायला घेतलं. सिग्नल हिरवा झाला, मागचे हॉर्न वाजवायला लागले, तरी काका बाणांपर्यंतच पोचले होते. शेवटी पोलीसच म्हणाला, "सरी सार, होगी, होगी." जा बाबा, जा.

बाळाला मांडीवर घेऊन असं घाँऽऽ करत येलहंक्यापर्यंत जायचं? मावशी म्हणाली, "त्यापेक्षा मी तिला पदराखाली घेऊन चालत येते."

बुधवार, चिकपेट

रात्रीत काकांचा दुसरा निष्कर्ष निघाला. थर्मोस्टॅट. पाणी नीट तापेपर्यंत ते अडवून धरणारी इंजिनातली छोटी झडप. ती उघडीच अडकून बसली असणार. नवीन आण, चिकपेटला मिळेल.

चिकपेट म्हणजे आपल्या मंगळवारच्या बाजाराला कुणीतरी उभं करून पिळलं आणि गल्लीत कोंबलं असं समजा. एका दुकानात लग्नाच्या साड्या, शेजारी खिळे, त्याच्या शेजारी पुन्हा साड्या. बसमध्ये तासभर उभा राहून तिथे पोचलो. मग 'मुंदे, मुंदे' ऐकत, म्हणजे पुढे पुढे, गल्ल्यांचे पाच फेरे झाले. ज्याला विचारावं तो पुढेच पाठवतो. पुढे जाता जाता मी ज्या साडीच्या दुकानापासून निघालो होतो, तिथेच परत आलो. दुकानदाराने ओळख दिल्यासारखी मान हलवली.

शेवटी एका सुट्या भागांच्या दुकानात वैतागून मी स्वतःशीच म्हटलं, "आयला, काय गाव आहे!"

"गाव बरं आहे की बा," गल्ल्यावरचा म्हातारा म्हणाला. "आता आलास, आताच शिव्या?"

मराठी! कपाळाला गंध, डोक्याला मफलर. नाव शामराव. यांचे पूर्वज कधीकाळी इकडे आले ते इथलेच झाले. मराठी घरात बोलतात, पण तिला कन्नडचं पाणी लागलंय. त्यांनी मला आत बसवलं, "स्वल्प कॉफी घे" म्हणाले आणि एका कॉफीचे दोन पेले करून एक मला दिला. इथे ही रीतच आहे, एकाची दोघांत प्यायची. आपल्याकडे अर्धा चहा पाजला तर पाहुणा रुसेल.

मी थर्मोस्टॅट मागितला.

"कुणी सांगितलं हे?"

"काकांनी."

"काका मेकॅनिक काय?"

"इंजिनियर."

"अय्यो," शामराव म्हणाले आणि खोकं काढून ठेवलं. मग त्यांनी ते माझ्या हातात न देता स्वतःच्याच हातात धरलं. "हे बघ बा. इंजिनियरला नाही म्हणणं माझ्या बापाला जमलं नाही, मला पण जमत इल्ला. ने. पण खोकं फोडू नको. घर कुठे म्हणालास?"

"येलहंका."

"येलहंक्यात मुनियप्पा आहे की! संतेच्या मागे, करंजाच्या झाडाखाली. लाऱ्यांचं काम करतो. आधी त्याला गाडी दाखव. तो म्हणाला तर फोड, नाही म्हणाला तर परत आण. सरी?"

संतेच्या, म्हणजे आठवडी बाजाराच्या मागे. म्हणजे मावशीच्या गच्चीवरून दगड मारला तर त्या झाडाला लागेल. आणि मी बसमध्ये लोकांच्या कोपरांचा मार खात चिकपेटात आलो, तिथून मला परत मावशीच्या मागच्या गल्लीत पाठवलं. मी परतीच्या बसमध्ये तासभर एकटाच बडबडत होतो. शेजारचा माणूस उठून दुसरीकडे उभा राहिला.

गुरुवार, करंजाखाली

"लारीवाल्याच्या हातात मी गाडी देणार नाही," काका म्हणाले.

"उद्या शुक्रवार आहे," मावशी डबा भरत म्हणाली. "तुम्ही घरी बसा. मी आणि दिपू जातो, तसेच पुढे दवाखान्यात."

काका कानटोपी घालून आमच्या आधी गाडीत बसले.

मुनियप्पा साठीचा असेल. लुंगी दुमडलेली, कानात बिडी. झाडाखाली अर्धी सोललेली लारी आणि पाण्याचं पिंप. बोर्ड नाही, टाय नाही. त्याला येतं कन्नड आणि तेलुगू, मला येतं मराठी आणि शिट्टी. मग काकांनी कन्नडमध्ये व्याख्यान सुरू केलं. सर्क्युलेशन, टेंपरेचर, फ्लो. मुनियप्पा बिडी पेटवून आदराने ऐकत होता, जसं आपण कीर्तनात झोप आवरत ऐकतो. मला राहवलं नाही. घड्याळात अकरा वाजले होते. उद्या या वेळेला ताई निघायच्या तयारीत असणार.

मी मध्ये घुसलो. हातात नसलेलं स्टिअरिंग धरलं. गाडी पळतेय, हूंऽऽ, पायावर गरम, आहाहा. ब्रेक. थांबली. अंग काकडलं, दात वाजले, कडकडकड. पुन्हा निघाली, आहाहा. मुनियप्पाने बिडी तोंडातून काढली. मग मला आठवलं, सकाळी गाडी पहिल्यांदा चालू केली की डॅशबोर्डच्या मागे एक आवाज येतो. तोही केला. गुड्, गुड्, गुड्गुड्गुड्.

"असा काही आवाज येत नाही," काका म्हणाले.

"येतो!" मागच्या सीटवरून मावशी. "रोज येतो. मला वाटलं तुमचं पोट."

मुनियप्पा उठला. "इन्नोम्मे," म्हणाला आणि बोट वर केलं, पुन्हा एकदा. मी पुन्हा केला. त्याने स्वतः करून बघितला, जरा जाड. मी मान हलवली, नाही, बारीक. गुड्गुड्. त्याने बारीक केला. करंजाखाली आम्ही दोघं समोरासमोर उभे राहून घागरी भरत होतो. लारीखालचा ड्रायव्हर बाहेर येऊन बघायला लागला.

"गाळी," मुनियप्पाने निकाल दिला आणि तोंडाने फूऽ केलं. हवा. पाइपात हवा भरलीय.

"शक्य नाही," काका म्हणाले. बॉनेट उघडून बाटली दाखवली. कन्नडमध्येही मला कळलं ते काय सांगतायत, कारण बोट तेच होतं आणि छातीही तेवढीच पुढे. दोन वर्षं, एक थेंब नाही.

मुनियप्पाने बाटलीकडे बघितलं, मग काकांकडे, मग पुन्हा बाटलीकडे. आणि एक वाक्य बोलला. लारीचा ड्रायव्हर हसत सुटला.

"काय म्हणाला?" मावशीने विचारलं.

काकांनी खाकरून भाषांतर केलं. माणूस प्रामाणिक. "म्हणाला, दोन वर्षांत एक थेंब हलला नाही, तर ती बाटली नाही, बाटलीचा फोटो आहे."

मग त्याने हातवाऱ्यांनी समजावलं. इंजिन तापलं की पाणी फुगतं, जास्तीचं बाटलीत येतं. गार झालं की रेडिएटर तेच पाणी परत ओढून घेतो. बाटलीतलं पाणी रोज वरखाली व्हायलाच पाहिजे. तुमचं होत नाही, म्हणजे रेडिएटर बाटलीतून पीतच नाही. वरच्या झाकणाचं रबर गेलं असणार. आतलं पाणी वाफ होऊन जातंय, त्या जागी हवा भरतेय. गाडी जोरात असते तोवर पंप उरलेलं पाणी हीटरपर्यंत चढवतो, हळू झाली की ते तिथे पोचत नाही. आकृती नाही, बाण नाही. एक बिडी, दोन हात, झालं.

झाकण उघडायला त्याने हात घातला आणि चटका बसल्यासारखा मागे घेतला.

झाकणाला लाल-पिवळा दोरा गुंडाळला होता. सात-आठ फेरे, वर हळदीकुंकवाचा थर, एक वाळून काळं पडलेलं झेंडूचं फूल. दसऱ्याला इथे प्रत्येक यंत्राची पूजा होते. कारखाने, बसगाड्या, शिवणयंत्रं, काही सुटत नाही. आपल्या खंडेनवमीसारखंच, पण दसपट. आणि पूजेच्या दोऱ्याला कुणी परका माणूस हात लावत नाही. सर्व्हिस सेंटरवाल्यांनी लावला नसणार, मुनियप्पाने तर नाहीच.

"काका, तुम्ही तरी कधी उघडून बघायचं!"

"पुस्तकात लिहिलंय, झाकण उघडू नये, बाटली बघावी." मग जरा हळू, "आणि दसऱ्यानंतर... पूजेचं आहे म्हणून मी पण..."

सिस्टिमवाला माणूस! माझं डोकं एवढं तापलं होतं की त्यावरच हीटर चालला असता.

"माझा आहे दोरा," मावशी म्हणाली.

ती खाली उतरली होती. पिरपिरीत, बिनछत्रीची. "दसऱ्याला सुनीला सातवा लागला होता. डॉक्टर म्हणाले, जपा. मी म्हटलं, हीच गाडी तिला दवाखान्यात नेणार, हीच परत आणणार. पोर सुखरूप घरात आलं की सोडीन, असं बोलून बांधलाय. त्याआधी कसा सोडू?"

काकांनी हे मुनियप्पाला कन्नडमध्ये सांगितलं. या वेळी व्याख्यान नव्हतं, दोनच वाक्यं. मुनियप्पाने बिडी विझवली. लारीचा ड्रायव्हर कात्री घेऊन आला होता, तोही कात्री पाठीमागे धरून उभा राहिला. माझ्याकडे सगळ्यांचे आवाज आहेत, पण तिथे काढावा असा एकही सापडला नाही.

मावशीने बॉनेटच्या कडेला दोन्ही हात टेकले. मग म्हणाली, "नवस पोरीचा आहे. टोपणाचा नाही."

तिने कात्री घेतली नाही. उष्णतेने आणि ओलीने गाठ दगड झाली होती. केसातला आकडा काढून ती एकेक फेरा सैल करत राहिली. मी वर छत्री धरली. बोटं कुंकवाने लाल, नख मोडलं, तरी थांबली नाही. शेवटचा फेरा सुटला तेव्हा तो दोरा तिने स्वतःच्या मनगटाला गुंडाळला आणि हात काकांपुढे धरला. काकांनी डाव्या हाताने आणि दातांनी गाठ मारली.

झाकण निघालं. आतलं रबर जुन्या पापडासारखं, हात लावताच तुकडा पडला. मुनियप्पाने रेडिएटरच्या तोंडात बोट घातलं, दुसऱ्या पेरापर्यंत कोरडं. ते बोट त्याने काकांना दाखवलं. काकांनी कानटोपी नीट केली.

पुढचं काम सोपं निघालं, आणि त्याचाच मला जास्त राग आला. गाडीचं नाक मातीच्या उंचवट्यावर चढवलं, झाकण उघडं ठेवून इंजिन चालू, हीटर पूर्ण. मुनियप्पा तांब्याने पाणी घालत होता आणि आतून हवा बाहेर येत होती. बुडुक. बुडुक. बुडुक. एक तांब्या गेला, दुसराही जवळजवळ गेला. मग बुडबुडे थांबले. नवीन झाकण बसलं, बाटलीची नळी फुंकून साफ झाली. गाडी जागच्या जागी उभी, इंजिन शांत, आणि मी पायाजवळ हात नेला.

गरम! उभ्या गाडीत!

मी मुनियप्पाला मिठी मारली, शर्ट काळा झाला. थर्मोस्टॅटचं खोकं न फोडता शामरावांकडे परत गेलं. जाताना मुनियप्पाने मला थांबवलं, लारीच्या ड्रायव्हरला जवळ बोलावलं आणि खूण केली. गुड्गुड् कर. केलं.

शुक्रवार, घरी

डिस्चार्ज सकाळी म्हणजे संध्याकाळी. या सही त्या सहीत सहा वाजले. बाहेर तीच पिरपिर, उलट वारा जास्त. मी अर्धा तास आधीच गाडी चालू करून आत तंदूर केला होता.

ताई मागे बसली. तिच्या हातात शालींचं एक गाठोडं, त्यातून लोकरीच्या टोपीखाली पेरूएवढा चेहरा. शेजारी मावशी, पुढे काका. मी असा चालवत होतो की मला आमच्या जीपने ओळखलं नसतं. पहिला सिग्नल, माझं सगळं लक्ष पायाकडे. गरम. दुसरा, गरम. हेब्बाळला ट्रॅफिक तुंबला, सात-आठ मिनिटं जागचं हललो नाही, तरी गरमच.

येलहंक्याच्या अलीकडे रेल्वे फाटक पडलं. मालगाडी येत होती, म्हणजे पंधरा मिनिटांची निश्चिंती. मी गिअर काढला, ब्रेक ओढला.

"दिपू," काका म्हणाले, "इंजिन बंद कर."

मला वाटलं, ऐकण्यात चूक झाली. "काय?"

"फाटकाला इंजिन बंद करायचं. पेट्रोल जळतं उगाच. सिस्टिम आहे." आणि मी बघतोय तोवर प्लास्टरचा हात माझ्या पोटावरून चावीकडे निघालासुद्धा.

चार दिवस! लिंबाचा फवारा, पोलीस, चिकपेट, पावटे, गुड्गुड्, दोरा! माझ्या तोंडातून जे येणार होतं ते छापता आलं नसतं.

"अहो."

मागून मावशी. आवाज चढला नव्हता. तिने त्यांना कधी अडवलेलं मी बघितलं नव्हतं, काकांनीही बघितलं नसावं, कारण हात हवेतच थांबला.

"हात खाली घ्या."

काकांनी हात झोळीत ठेवला. मालगाडीचा आवाज जवळ आला. अख्खी सिस्टिम एकदम सोडणं माणसाला जड जातं. थोड्या वेळाने ते हळूच म्हणाले, "मग वायपर तरी बंद कर."

मी वायपर बंद केला. काचेवर पाणी साचलं, फाटक दिसेनासं झालं, डबे नुसते खडाडखड ऐकू येत राहिले. मागे वळून बघितलं तर ताईच्या कपाळावर घाम होता, आणि ती बाळाच्या डोक्यावरची टोपी काढत होती.